जवारी हरवली कुठे?

काही महिन्यांपूर्वी एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. त्यांची तक्रार कानाची नव्हतीच. "डॉक्टर, अ‍ॅम्प्लिफायर बदलला, हेडफोन नवे घेतले, तरी तानपुऱ्याची जवारी पूर्वीसारखी ऐकू येत नाही," असे ते म्हणाले. ख्याल, लावणी, पाश्चात्त्य वाद्यवृंद, सगळ्याचा शौक. रोज तीन-चार तास ऐकणे. सोबत आलेल्या पत्नीने हळूच सांगितले, "हल्ली 'सात' म्हटले की 'हात' ऐकतात."

चाचणीत दोन्ही कानांचा आलेख ४००० हर्ट्‌झपाशी खाली गेला होता. मोठ्या आवाजाने होणारी इजा बहुधा तेथेच प्रथम दिसते. जवारीचा झणकार म्हणजे मूळ स्वरावर उठणारे उंच उपस्वर. 'स', 'श' ही अक्षरेही उंच पट्टीतलीच. म्हणजे दर्दी माणूस ज्यासाठी हजारो रुपये खर्च करतो, नेमके तेच आधी जाते! आतल्या कानात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही.

पण हे गृहस्थ काही धांगडधिंगा ऐकणारे नव्हेत. मग असे का झाले? चित्रपटगीत बहुधा सुरुवातीपासून एकाच जोराने चालते, म्हणून फार मोठे वाटले की आपण लगेच कमी करतो. ख्यालाचे तसे नाही. रस्त्यावरच्या रहदारीत विलंबितातला आलाप ऐकू यावा म्हणून आपण बटण पिळतो. पुढे द्रुत येते, ताना येतात, तबला चढतो. बटण मात्र तेथेच राहते. राव्हेल यांची १९२८ मधील 'बोलेरो' ही रचना तर कुजबुजीपासून गडगडाटापर्यंत चढत जाते. लावणीत ढोलकीची थाप पहिल्यापासूनच कडक.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास ऐकण्यास हरकत नाही. दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते; ९० डेसिबलला फक्त चार तास उरतात.

म्हणून आधी द्रुत लावून आवाज ठरवावा, मग विलंबिताकडे वळावे. शक्यतो शांत वेळी ऐकावे, किंवा बाहेरचा गोंगाट अडवणारे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन वापरावेत. तासाभराने थोडी विश्रांती घ्यावी. ऐकल्यानंतर कानात गुंई आवाज येत असेल किंवा दडे बसले असतील, आणि दुसऱ्या दिवशीही ते गेले नाही, तर तेल न घालता कानाची तपासणी करून घ्यावी.