दावं, देव आणि ट्रंक
लेखमाला : घरातली आग (भाग ४)

घर पेटलं तर काय बाहेर काढाल, असं परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात विचारून पाहा. म्हातारी म्हणते देव, घरधनी म्हणतो कागदं, सून म्हणते सोनं. चुकीचं कुणीच बोलत नाही. एकदा गेलं की परत मिळणार नाही असं ज्याला जे वाटतं, ते तो सांगतो. मग कोणती वस्तू खरोखरच परत मिळत नाही, हे एकदा नीट तपासून घ्यायला हवं, आणि तेही घर थंड असताना.

आधी वेळेचा हिशेब करू. मागच्या भागात आपण पाहिलं की गरम धूर आढ्याखाली साठतो, आणि तो पाचशे-सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापला की खोलीतलं जळण्यासारखं सगळं जवळजवळ एकाच वेळी पेट घेतं. फोमची गादी, नायलॉनचे पडदे, प्लास्टिकच्या खुर्च्या असलेल्या खोलीत एवढं व्हायला तीन-चार मिनिटंही पुरतात. जुन्या माळवदाच्या घरात आग जरा सावकाश चढते, पण तिथला धोका डोक्यावर असतो. तुळई जळून खचली की वरची सगळी माती एकदम खाली येते. जवळच्या नगरपालिकेचा बंब गावात पोहोचेपर्यंत हे सगळं होऊन गेलेलं असतं. म्हणून घरातलं प्रत्येक माणूस बाहेर आलं का ते मोजायचं, आणि एकदा बाहेर आलं की परत आत जायचं नाही. आगीत जीव बहुतेक वेळा धुराने जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे ट्रंकेसाठी परत शिरलेल्या माणसाला आपलं भान सुटतंय हेच कळत नाही.

याला मी एकच अपवाद मानतो, तो गोठ्याचा, आणि तोही गोठ्याचं छप्पर पेटलेलं नसेल तरच. आपल्याकडे उन्हाळ्यात पुष्कळदा आधी कडब्याची गंजी किंवा गोठा पेटतो आणि मग आग घराकडे सरकते. दावणीचं जनावर ज्वाळा दिसली की मागे ओढ घेतं. त्या ओढीने दाव्याची गाठ अशी आवळते की ती बोटांनी सुटत नाही, आणि नायलॉनचं दावं असेल तर ते वितळून हाताला चिकटतं. गोठ्याच्या दाराशी, बाहेरच्या अंगाला, एक धारेचा विळा कायम खुंटीला टांगलेला असावा. गाठ सोडत बसू नका, सरळ दावं कापा आणि जनावर बाहेर हाकललं की दार ओढून घ्या, कारण बिथरलेलं जनावर आपल्या ओळखीच्या जागेकडेच परत धावतं. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळातल्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीसाठी ३७,५०० रुपये, बैलासाठी ३२,००० रुपये आणि शेळीसाठी ४,००० रुपये मदत आहे. एवढ्या पैशात आज कामाचा बैल येत नाही, हे बाजार केलेल्या माणसाला सांगायला नको. आणि हातावर वाढवलेल्या जनावराची किंमत कुठल्याच निकषात बसत नाही.

कापसाचं मात्र उलट आहे. परभणी, मानवत, सेलूच्या बाजारात भाव चढेल या आशेने दिवाळीपासून मार्चपर्यंत कापूस घरातच ठेवला जातो, कधी कधी छताला टेकेपर्यंत, आणि त्याच्याच कडेला माणसं झोपतात. कापसाची आग आधी वरच्या तंतूंवरून सरसर पळते आणि मग ढिगाच्या पोटात शिरते. वरून पाणी मारलं की विझल्यासारखी दिसते, पण आत तासन्‌तास धुमसत राहते. ढीग उपसून मोकळा केल्याशिवाय ती मरत नाही, आणि धुराने भरलेल्या खोलीत ते काम कुणालाच जमणार नाही. वर्षाची कमाई डोळ्यांदेखत जळताना बघणं किती जड जात असेल, याची कल्पना मला आहे. तरीही तो कापूस सोडून द्या. त्या खोलीत कुणाला झोपवू नका आणि कागदाची ट्रंकही तिथे ठेवू नका, एवढी काळजी आधीच घेता येते.

आता सोनं. शुद्ध सोनं १,०६४ अंशांना वितळतं, चांदी ९६२ अंशांच्या आसपास, बावीस कॅरेटचे दागिने सोन्यापेक्षा थोडं आधी. घराची आग या आकड्यांपर्यंत पोहोचू शकते, पण वितळलं तरी सोनं सोनंच राहतं. घडणावळ जाते, धातू राखेत सापडतो. म्हणून पाटल्यांसाठी जीव घालवायचं कारण नाही. राख मात्र कुणाला उचलू देऊ नका, ती घरच्या माणसांनी बसून चाळावी.

नोटांचं वेगळं असतं. डाळीच्या डब्यात, कणगीच्या तळाशी, लुगड्याच्या घडीत बायका पैसे साठवतात, आणि ती जागा एकटीलाच ठाऊक असते. आग लागल्यावर तीच बाई परत आत धावते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नसते. निदान एका माणसाला ती जागा सांगून ठेवावी, आणि बँकेत खातं असेल तर रक्कम तिथे टाकावी, असं मला प्रत्येक घरातल्या बाईला हात जोडून सांगावंसं वाटतं. जळालेल्या नोटा टाकून द्यायच्या नसतात. जळून ठिसूळ झालेल्या नोटा बँकेची शाखा घेत नाही, पण रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात त्या विशेष पद्धतीने तपासल्या जातात. गठ्ठा आहे तसा, न हलवता, डब्यात कापसावर ठेवून न्यायचा.

देवांबद्दल बोलताना मी जपून बोलतो. टाक म्हणजे घराण्याची पूजा, ती पिढ्यान्‌पिढ्या त्याच धातूवर झालेली असते. पण झिजलेले, फुटलेले टाक सोनाराकडून नवे करून घ्यायची आणि त्यांची प्रतिष्ठा करायची वाट आपल्या परंपरेनेच ठेवलेली आहे. आजीने देवासाठी जळत्या घरात जावं, असं ती परंपरा कुठेही सांगत नाही. हे आजीला आजच, शांतपणे, घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगावं. ऐन वेळी ती कुणाचं ऐकणार नाही.

उरली ट्रंक. माझं खरं म्हणणं तिच्याबद्दलच आहे.

ट्रंकेतले बहुतेक कागद परत मिळतात. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. आधार, रेशनकार्ड, पासबुक पुन्हा मिळतं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेची दुसरी प्रत छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळाकडून घेता येते. नोंदणी केलेल्या खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात असते. विम्याच्या पॉलिसीचीही दुसरी प्रत देतात. फेऱ्या पडतात, मन मेटाकुटीला येतं, पण मिळतं.

जे मिळत नाही ते दोन प्रकारचं असतं. पहिला प्रकार नोंद नसलेल्या कागदांचा. भावाभावांतलं स्टॅम्पवरचं वाटणीपत्र, इसारपावती, हातउसन्याची चिठ्ठी, घरातच लिहून ठेवलेलं मृत्युपत्र. यांची दुसरी प्रत कुठल्याच कचेरीत नसते. मृत्युपत्राला नोंदणीची सक्ती नाही, पण ते सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवून देण्याची सोय १९०८ च्या नोंदणी कायद्यातच आहे. ती फार थोड्या लोकांना माहीत आहे.

दुसरा प्रकार मराठवाड्याचा म्हणावा असा आहे. आपला जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळचं दप्तर उर्दूत आणि मोडीत आहे. पणजोबांच्या नावाची पावती, खासरा पत्रकाची नक्कल, शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदीचा उतारा, हैदराबाद मुक्तिसंग्रामात तुरुंगात गेलेल्या आजोबांचा दाखला. कित्येक वर्षं या कागदांकडे कुणी बघत नव्हतं. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि गावोगाव माळ्यावरच्या ट्रंका खाली आल्या. जातीच्या दाखल्यासाठी इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. नातवाचं शिक्षण अशा एका पिवळ्या कागदावर अडतं. सरकारी अभिलेख कक्षातली प्रत जीर्ण होऊन गळाली असेल, तर घरातला कागद हाच एकमेव पुरावा उरतो.

आणि सरकारी दप्तरही जळतं. पुण्यात १३ मे १८७९ च्या रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा पेटले, तेव्हा बुधवारवाड्यातलं नेटिव्ह जनरल लायब्ररीचं पुस्तकभांडार खाक झालं. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली. पाच माणसं गेली आणि हजारो फायलींची राख झाली. कागदाची एकच प्रत आणि तीही एकाच इमारतीत, हीच दोन्हीकडची गत होती.

लोखंडी ट्रंक किंवा पत्र्याचं कपाट कागद वाचवतं, हा समज सोडून द्या. कागद साधारण २३० अंशांच्या आसपास पेट घेतो, आणि पत्रा ती उष्णता आरपार आत नेतो. ट्रंकेतला कागद भट्टीतल्या भाकरीसारखा भाजतो. लॅमिनेशन केलेले कागद वितळून एकमेकांना चिकटतात, म्हणून जुन्या कागदाला लॅमिनेशन कधीच करू नये. याउलट सुती रुमालात घट्ट बांधलेला गठ्ठा कडेने काळा पडतो, पण मधली पानं पुष्कळदा शाबूत राहतात, कारण आत हवा पोहोचत नाही. जुने लोक दप्तर रुमालात बांधत, त्याचा हाही एक फायदा होता.

तेव्हा येत्या रविवारी ट्रंक उघडा. प्रत्येक जुन्या कागदाचा दोन्ही बाजूंनी, उजेडात, मोबाइलवर फोटो घ्या आणि तो घरातल्या दोन-तीन जणांना पाठवा. झेरॉक्सचा एक संच दुसऱ्या गावी ठेवा. लेकीच्या सासरची जागा त्यासाठी सगळ्यात चांगली. उर्दू-मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून कागद वाचून घ्या आणि तो कुणाचा, कशाचा, हे पाकिटावर मराठीत लिहा. घरात कुणालाच वाचता येत नाही असा कागद ऐन वेळी रद्दीत गणला जातो. अस्सल कागदांचा एकच गठ्ठा बांधा आणि तो बाहेरच्या दाराजवळ ठेवा. बाहेर पडतानाच हाताला लागला तर घ्या, नाहीतर राहू द्या. हजारातला एखादा कागद हरवला तरी त्याचा फोटो असतो.

आग विझल्यावर ट्रंक लगेच उघडू नका. आतला कागद तापलेला असतो, झाकण उचललं की हवा मिळते आणि तो तुमच्यासमोर पेटतो. ट्रंक हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबा, दिवस लागला तरी चालेल. पाण्याने भिजलेली पानं ओढून सुटी करू नका. सावलीत, वाऱ्यावर ठेवा, मध्ये कोरे कागद घाला. वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई उठते. ज्याची फक्त कड उरलीय असा तुकडाही जपा, त्यावर सर्व्हे नंबर किंवा शिक्का असू शकतो.

मलबा हलवण्याआधी फोटो काढा आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. त्यात भांडीकुंडी, धान्य, जनावरं लिहिली जातात, पण जळालेल्या कागदांची यादी बहुतेक जण सांगायचीच विसरतात. ती यादी एक एक कागद आठवून तिथेच लिहून घ्या, कारण पुढच्या प्रत्येक नकलेच्या अर्जाला हाच पंचनामा आणि पोलीस ठाण्यातल्या नोंदीची प्रत जोडावी लागते. आग सिलिंडरची असेल तर गॅस एजन्सीला लेखी कळवा. तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी विमा काढलेला असतो आणि त्यात मालमत्तेच्या नुकसानीला दोन लाखांपर्यंत भरपाई आहे. मात्र ती फक्त ज्या पत्त्यावर जोडणी नोंदवलेली आहे, त्याच घराला मिळते. घर बदललं असेल, वाटणीत दुसरीकडे राहायला गेला असाल, तर गॅसच्या पुस्तकावरचा पत्ता याच आठवड्यात बदलून घ्या.