शाळिग्राम आणि अमोनाइट

तुळशीच्या लग्नात आत्याच्या देवघरातला शाळिग्राम हाती घेण्याचा योग आला. त्याच्या दुभंगलेल्या अंगावरील ज्या वलयाकृती कंगोऱ्यांना घरात पिढ्यान्‌पिढ्या विष्णूचे चक्र म्हणून गंध लागते, ते वस्तुतः अमोनाइट नामक सागरी जीवाच्या कवचाचे ठसे होत.

माखलीचा हा दूरचा आप्त जसजसा वाढे तसतसा मागचा कप्पा पडद्याने बंद करून पुढे बिऱ्हाड हलवी, आणि मोकळ्या कप्प्यांतील पाणी बारीक नळीने शोषून घेऊन तरंगत राही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉरांच्या अस्ताच्या सुमारास, त्याचा वंश निःशेष झाला. पुढे या कवचांसह टेथिस समुद्राचा तळ उचलला जाऊन हिमालय झाला. म्हणूनच हे दगड नेपाळात, मुक्तिनाथाजवळ काळी गंडकीच्या पात्रात मिळतात.

अमोनाइट हे नाव मिसर देशाच्या आमोन देवाच्या मेंढशिंगांवरून पडले.

आपल्याकडे चक्रांकित शाळिग्राम असल्यास (कृपया फोडू नये!) छायाचित्र धाडावे, शंका बेलाशक विचाराव्यात.