बुडापेस्ट : ९६चा फेरा

दोन काठ, एक शहर : डॅन्यूबच्या पश्चिमेला डोंगराळ बुडा, पूर्वेला सपाट पेस्ट. ओबुडा या तिसऱ्या शहरासह ती १८७३मध्ये एक झाली.

आकडा ९६ : मग्यार (हंगेरियन) टोळ्या इथं आल्या ते साल ८९६ मानतात. म्हणून संसद आणि सेंट स्टीफन बॅसिलिका, दोन्हींची उंची ९६ मीटर.

पिवळी मेट्रो : १८९६पासून धावणारी, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली भुयारी मेट्रो. रस्त्यावरून चार पायऱ्या उतरलं की फलाट.

पाण्यातला पट : सेचेनी स्नानगृहात (१९१३) छातीभर ऊन पाण्यात उभे आजोबा बुद्धिबळ खेळतात. हिवाळ्यात वाफेआड प्यादी जेमतेम दिसतात.

प्रवाशांच्या मनात राहतं ते : रात्री, २ नंबरच्या ट्रॅमच्या खिडकीतून दिसणारा दिव्यांनी उजळलेला बुडाचा किल्ला.