यंत्राची रोजकीर्द

गुऱ्हाळावर काहिलीतला पाक तयार झाला की तो त्याच घटकेस उतरावा लागतो. गुळव्याने पाक अचूक ओळखला, परंतु काहील उतरवावयास माणसे वेळेवर आली नाहीत, तर ओळखणे बरोबर असूनही गूळ बिघडतो, हे मुरगुडच्या श्रोत्यांस आम्ही सांगावयास नको. काही संगणकांचे कामही याच जातीचे असते. मोटारीचा ब्रेक किंवा रुग्णाच्या शिरेत औषध सोडणारा पंप सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाने बरोबर उत्तर उशिरा दिले, तर ते चुकीचेच ठरते. अशा संगणकावर कामांची वाटणी करणाऱ्या कारभाऱ्यास 'रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम' म्हणतात. आम्ही तिला वेळबंद प्रणाली म्हणू. तिच्यापाशी राबणारा गडी बहुधा एकच, आणि कामे अनेक. प्रत्येक कामास अग्रक्रम ठरलेला असतो. वरच्या क्रमाचे काम उभे राहिले की खालचे तेथेच थांबते. ही अदलाबदल सेकंदात शेकडो वेळा होते.

आता अशा यंत्रात दोष शिरला तर तो शोधावा कसा? मंगळावर गेलेल्या 'पाथफाइंडर' यानाची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. ते 4 जुलै 1997 रोजी मंगळावर उतरले, आणि थोड्याच दिवसांत त्याचा संगणक मधूनच स्वतःला बंद करून पुन्हा सुरू होऊ लागला. दर वेळी त्या दिवसाचे उरलेले काम बुडे. पृथ्वीवरील चाचण्यांतही हा प्रकार क्वचित दिसला होता. पण शोधू गेल्यावर तो पुन्हा घडेना. अखेर अभियंत्यांनी प्रयोगशाळेतील तशाच यंत्रावर घटनांची नोंद चालू ठेवून तो घडेपर्यंत वाट पाहिली. नोंद वाचताच उलगडा झाला. हवामानाची माहिती गोळा करणारे खालच्या क्रमाचे काम एका सामाईक साधनाचे कुलूप लावून बसले होते. वरच्या क्रमाचे काम त्याच कुलपासाठी खोळंबले होते. आणि कुलपाशी काहीच संबंध नसलेली मधल्या क्रमाची कामे खालच्यास पुढे सरकू देत नव्हती. म्हणजे थोरल्याने मधल्याची वाट पाहावी, असा उलटा न्याय! ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला तेवढ्यापुरता वाट पाहणाऱ्याचा अग्रक्रम द्यावा, हा उपाय त्या प्रणालीत तयारच होता. तो तेथे चालू केलेला नव्हता. पृथ्वीवरून तो चालू केला गेला.

पाथफाइंडरवरील 'व्हीएक्सवर्क्स' ही प्रणाली एका कंपनीच्या मालकीची होती. आज ज्यांचा मजकूर कोणीही उघडून वाचू व बदलू शकतो अशाही वेळबंद प्रणाली आहेत. रिचर्ड बॅरी यांनी 2003 मध्ये पुढे आणलेल्या 'फ्रीआरटीओएस'मध्ये काम बदलले, कुलूप घेतले, कुलूप सोडले अशा जागोजागी नोंदीसाठी कोनाडे ठेवलेले आहेत. ते मुळात रिकामे असतात, आणि रिकामे असेतोवर त्यांचा काडीइतका भार पडत नाही. आपण त्यांत आपली नोंद भरावयाची. लिनक्स फाउंडेशनने 2016 मध्ये हाती घेतलेल्या 'झेफिर'मध्ये नोंदीची व्यवस्थाच अंगभूत आहे.

नोंद कशी लिहावी, यात खरी मेख आहे. नवशिका प्रत्येक घटनेचे वाक्य तारेवरून बाहेर छापू लागतो. नेहमीच्या 1,15,200 बॉडच्या तारेवरून चाळीस अक्षरे जावयास सुमारे साडेतीन सहस्रांश सेकंद लागतात. एवढ्या काळात कामांची रांगच बदलते, आणि जो दोष पाहावयाचा तो पाहण्याच्या खटाटोपानेच नाहीसा होतो. व्यापारी गर्दीच्या वेळी रोजकीर्दीत एक ओळ टाकतो, खतावणी रात्री करतो. तेच येथे करावे. वेळ, घटनेचा क्रमांक आणि कामाचा क्रमांक एवढेच आठ बाइटांत स्मृतीत टाकावे. अर्थ लावण्याचे काम मागाहून दुसऱ्या संगणकाने करावे.

वही वर्तुळाकार असते. पाने संपली की सर्वांत जुन्या ओळीवर नवी ओळ चढते. आठ हजार बाइटांत हजार नोंदी मावतात. सेकंदास दोन हजार घटना असतील तर हाती केवळ अर्ध्या सेकंदाचा इतिहास राहतो. म्हणून सगळेच टिपण्याचा हव्यास नको. आणखी एक अडचण अशी की एक ओळ अर्धी लिहून होते तोच बाहेरचा व्यत्यय येऊन त्याच ओळीवर लिहू लागतो. यासाठी लिहिण्यापूर्वी ओळीची जागा एका अखंड क्रियेत राखून घ्यावी लागते. घड्याळाकडेही लक्ष हवे. सेकंदास दहा कोटी टोले देणारा बत्तीस बिटांचा गणक सुमारे 43 सेकंदांत शून्यावर येतो. ते वाचणाऱ्याने ध्यानी धरले नाही तर नंतरची घटना आधी घडलीशी दिसेल.

यंत्र गिऱ्हाइकाकडे पाठविताना ही नोंद काढून टाकण्याची चाल आहे. ती आम्हांस मान्य नाही. नोंद काढली की कामांच्या वेळा बदलतात, म्हणजे तपासलेले यंत्र एक आणि पाठविलेले दुसरेच. शिवाय वर्षातून एकदा होणाऱ्या दोषाला साक्षीदार आधीपासून हजर लागतो. मात्र त्यासाठी एक खबरदारी घ्यावी लागते. यंत्र पुन्हा सुरू होताना स्मृतीचा मोठा भाग पुसला जातो. वहीचा तेवढा तुकडा पुसू नये असे प्रारंभीच्या मजकुरात लिहून ठेवावे, आणि पुन्हा उठलेल्या यंत्राने नवी ओळ लिहिण्यापूर्वी जुनी वही बाहेर पाठवावी.