स्क्रीन काळी? डोन्ट पॅनिक!

सकाळी प्रेझेंटेशन, पीसीचा पंखा फिरतोय, पण मॉनिटर ठार काळा! पहिला विचार, 'गेला सगळा डेटा!' थांबा. डेटा असतो हार्ड डिस्क किंवा एसएसडीवर. बिघाड बहुतेकदा दुसरीकडेच असतो. त्यामुळे कुणी 'फॉरमॅट मारू' म्हणालं, तर आधी नाही म्हणा.

मॉनिटरवर 'नो सिग्नल' दिसतंय? म्हणजे मॉनिटर चालू आहे. केबल घट्ट बसवा, इनपुट एचडीएमआय की डिस्प्लेपोर्ट ते बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल मदरबोर्डला नव्हे, कार्डाला लावा.

तरीही अंधार? प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा आणि रॅम काढून पुन्हा नीट बसवा. दोन स्टिक असतील तर एकेक लावून बघा. बीप वाजले तर मोजा. त्यांचा अर्थ मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये सापडतो.

एवढ्यावर भागलं नाही, तर हार्डवेअरवाल्याकडे न्या. 'मदरबोर्ड गेला' म्हणाला, तर दुसरा चालू पार्ट लावून दाखवायला सांगा. आणि उद्याचं प्रेझेंटेशन? डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर ती मित्राच्या पीसीला जोडा. तुमची फाइल तिथे सहसा सुखरूप सापडेल!