जुन्या जीपचे रुसलेले पेडल

पायाने दाबलेले पेडल पाय उचलताच आपोआप वर येईल, या साध्या विश्वासावर मोटार हाकणाऱ्याचे चित्त स्वस्थ असते. जुन्या गाडीत हा विश्वास हळूहळू ढळू लागतो. पेडल खाली जाते, पण परत येताना रेंगाळते. कधी मध्येच थांबते, आणि बुटाच्या टोकाने उचलावे तेव्हा जागेवर येते. अशा वेळी आपल्याकडचा सर्वमान्य उपाय म्हणजे तेलाची बुधली. श्रोतेहो, आज मला या बुधलीविषयीच थोडे बोलावयाचे आहे. कारण एका ठिकाणी ती निरुपयोगी आहे, आणि तेथून वीतभर अंतरावर चक्क घातक आहे.

उदाहरण जीपचे घेऊ. विलिस जीपची जुळणी महिंद्रांनी 1949 साली मुंबईत सुरू केली आणि पुढे कित्येक दशके सरकारी फिरती याच वाहनावर झाली. लिलावात निघालेल्या त्या जिपा हौशी मंडळींनी जपल्या आहेत; रायपूरला आमच्या शंकर नगरातही अशी एक आहे. तिची क्लचची व ब्रेकची पेडले तळाच्या पत्र्यातून खाली उतरतात आणि चासीजवळच्या एकाच आडव्या दांड्यावर फिरतात. म्हणजे जो सांधा स्वच्छ राहावा, तोच रस्त्याच्या सर्वांत जवळ! छत्तीसगडची काळी कन्हार माती पावसाळ्यात तेथे लिंपली जाते आणि वैशाखात विटेसारखी वाळते. तिच्यावर तेल ओतले की दोन दिवस पेडल हलके वाटते. मग तेलात कालवलेली तीच माती दांडा घासू लागते.

म्हणून प्रथम दोष कोठे आहे ते ठरवावे. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. ब्रेकच्या पेडलाचा मास्टर सिलिंडरशी असलेला सांधा सोडवावा, स्प्रिंग काढावी आणि पेडल हाताने हलवून पाहावे. तेथेच अडखळले तर दोष दांड्याचा. तो उतरवून रॉकेलने धुवावा, गंज बारीक पॉलिश कागदाने काढावा, झिजलेले बुश बदलावे आणि निपलमधून ताजे ग्रीस भरावे. ताणून सैल झालेली स्प्रिंग वाकवून पुन्हा बसविण्याची काटकसर मला पसंत नाही. नवी स्प्रिंग काही फार महाग नसते. ॲक्सिलरेटरचे पेडल अडकले तर मात्र आधी पायाखालची चटई पाहावी. पुष्कळदा अपराधी तीच असते. चालत्या गाडीत असे झाल्यास क्लच दाबावा, गिअर न्यूट्रलमध्ये आणावा आणि मग इंजिन बंद करावे.

पेडल हाताला मोकळे लागते, तरी चाके धरलेलीच राहतात, असे असेल तर प्रश्न निराळा आहे. येथे ब्रेक ऑइलचा संबंध येतो, आणि घोटाळा त्या नावातच आहे. ज्याला आपण ऑइल म्हणतो ते तेल नव्हेच. ते सामान्यतः ग्लायकॉल जातीचे द्रव्य असते. नावाला भुलून कोणी त्यात इंजिनाचे तेल घातले, तर आतले रबरी वॉशर फुगतात आणि मास्टर सिलिंडरचा दट्ट्या मागे सरकेनासा होतो. दट्ट्या पूर्ण मागे आला म्हणजे एक सूक्ष्म छिद्र उघडते; तापून फुगलेले द्रव्य त्यातून टाकीत परतते. वॉशर फुगल्यामुळे, कचऱ्यामुळे किंवा पेडलाला मोकळी चाल न ठेवल्यामुळे ते छिद्र झाकलेले राहिले, तर दाब आतच कोंडतो. जीपच्या ब्रेक पेडलाला सुमारे अर्धा इंच मोकळी चाल ठेवतात, ती यासाठीच. कोंडलेल्या दाबाने ब्रेक घासतात, घासल्याने तापतात, तापल्याने द्रव्य अधिक फुगते. अशी गाडी जगदलपूरच्या वाटेवर केशकालचा घाट उतरू लागली म्हणजे धोका किती, हे सांगावयास नको. डॉट 3 जातीचे नवे द्रव्य 205 अंश सेल्सिअसच्या खाली उकळू नये असा दंडक आहे. हवेतला ओलावा शोषलेल्या द्रव्यासाठी हीच मर्यादा 140 अंशांवर येते. द्रव्य उकळले की वाफ दबते, आणि इतके दिवस वर न येणारे पेडल एकदम तळाला जाते.

तपासणी सोपी आहे. धरलेले चाक जॅकवर, पण खाली भक्कम आधार देऊन, उचलावे आणि चाकाजवळचा हवा काढण्याचा निपल किंचित सैल करावा. थोडे द्रव्य उडून चाक मोकळे झाले, तर दाब कोंडला होता. सर्व चाके धरलेली असतील तर मास्टर सिलिंडर उघडावा. पुढचे एकच चाक असेल तर त्याच्या रबरी नळीवर संशय घ्यावा. ही नळी बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून सुजून मिटलेली असते. निपल उघडूनही चाक फिरेना, तर दोष ड्रमच्या आत, गंजलेल्या दट्ट्यात किंवा ब्रेकच्या स्प्रिंगमध्ये आहे. चुकीचे तेल पडलेच असेल, तर सगळे वॉशर आणि रबरी नळ्या बदलाव्यात, लोखंडी नळ्या धुवाव्यात. नुसते तेल उपसून भागत नाही. शेवटी हवा काढून दोन-तीन किलोमीटर फेरी मारावी, आणि प्रत्येक ड्रमजवळ हात नेऊन पाहावे. एखादा ड्रम इतरांहून फारच तापलेला आढळला, तर त्या चाकाचे काम अजून उरले आहे.