नादासाठी बांधलेली वास्तू

करावे येथील खाडीवर पहाटे वारा पडला असता दूरच्या होडीतून दिलेली हाक काठावर स्वच्छ ऐकू येते. उलट, कित्येक बंदिस्त नाट्यगृहांत मागच्या रांगेतील रसिकास नटाचे वाक्य ध्वनिवर्धकावाचून कळत नाही. असे का व्हावे, ह्याचा विचार करू लागलो म्हणजे मुंबईस नरीमन पॉइंटवरील एक वास्तू आमच्या डोळ्यांपुढे उभी राहते.

जमशेद भाभा ह्यांच्या कल्पनेस जे. आर. डी. टाटा ह्यांचे पाठबळ लाभून १९६९ साली 'नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स' ही संस्था स्थापन झाली. समुद्र हटवून केलेल्या भूमीवर तिचे टाटा थिएटर १९८० साली खुले झाले. वास्तुकार अमेरिकेचे फिलिप जॉन्सन. ध्वनियोजना सिरिल हॅरिस ह्यांची. आसने सुमारे एक हजार, व तीही पंख्याप्रमाणे रंगमंचाभोवती पसरलेली. सतारीची नाजूक मींडही यंत्राच्या साहाय्यावाचून श्रोत्यापर्यंत पोचावी, हा त्यातील हेतू.

सिडनीच्या जगप्रसिद्ध ऑपेरागृहाची कथा निराळी. शिडांसारख्या छपरांनी जगाचे डोळे दिपले. परंतु त्याचा निर्माता यॉर्न उट्झन ह्यास १९६६ साली काम सोडून जावे लागले, व १९७३ साली पुरी झालेली वास्तू त्याने अखेरपर्यंत प्रत्यक्ष पाहिली नाही. आतील अडीच हजारांवर आसनांच्या संगीतगृहाचा नाद सुधारण्याचे मोठे काम तर २०२२ साली पुरे झाले.

आमच्या भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात हाच विवेक सांगून ठेविला आहे. मर्त्यांसाठी ६४ हात लांब व ३२ हात रुंद असे मध्यम नाट्यगृहच उत्तम. त्याहून मोठे केल्यास पाठ्य अस्पष्ट होते व मुखावरील भाव दिसत नाहीत. शिवाय ते पर्वतगुहेसारखे व निवात असावे, म्हणजे स्वरास गांभीर्य येते.

शेवटच्या बाकावरील मुलास जो ऐकू गेला नाही तो पाठ झालाच नाही, असे आम्ही शिक्षकी पेशात मानीत आलो. यंत्राच्या भरवशावर नटाने कंठसाधना सोडली आणि श्रोत्याने कान देणे सोडले, तर गेलेली विद्या परत आणणे कठीण. यास्तव वाचकांनी मुलाबाळांस एकदा तरी अशा नाट्यगृहात न्यावे, मुद्दाम मागे बसवावे, आणि घरी आल्यावर काय काय ऐकले ते विचारावे.